तीन दिवसांची बॅटरी आणि आषाढातली झड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोकणातल्या घरासाठी ऑफ-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनशिवाय चालणाऱ्या सोलरचा आराखडा मांडला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. खरमरीत आहे, पण आकड्यांनिशी आहे, त्यामुळे आभार मानून विषय मिटवता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रोज चार युनिटं लागणाऱ्या घराला ३ किलोवॉटची पॅनेलं सांगणं म्हणजे डीलरचा धंदा करून देणं. त्यापेक्षा पॅनेलं निम्मी करावीत आणि बॅटरी तीन दिवसांची घ्यावी. सोलर लावून वर पेट्रोलचा जनरेटर ठेवा म्हणणं हा तर विनोदच. लिथियमचा आग्रह संशयास्पद. मुळात चार युनिटं लागतातच कशाला, अडीचमध्ये भागतं. आणि पुण्यात तुमच्या गच्चीवरची ३ किलोवॉटची पॅनेलं रोज १२ युनिटं देतात, बिल जवळपास शून्य येतं, तर गुहागरच्या घरात एवढं अवघड काय आहे?

शेवटून सुरुवात करतो, कारण बाकीचा गुंता तिथूनच सुरू होतो.

पुण्यातले तुमचे १२ युनिट ही वर्षाची सरासरी आहे. एका किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट, हा आपल्याकडचा ठोकताळा. उन्हाळ्यात त्याहून जास्त येतात, पावसाळ्यात बरेच कमी. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण नेट मीटर आहे. उन्हाळ्यातली जादा युनिटं महावितरणकडे जमा होतात आणि कमी पडतील तेव्हा वळती होतात. म्हणजे तुमची खरी बॅटरी महावितरण आहे, आणि तिला आकाराची मर्यादा नाही. तारेशी संबंध तोडलात की सरासरी हा शब्दच बाद होतो. एप्रिलमध्ये बॅटरी दुपारी बारालाच भरून पुढचं ऊन फुकट गेलं, तरी त्यातलं एक युनिटही जुलैला मिळत नाही. म्हणून ऑफ-ग्रिडचा हिशेब वर्षाच्या सर्वांत वाईट आठवड्यावर करायचा, आणि कोकणात तो आठवडा आषाढ-श्रावणातला असतो.

आता तुमचा आराखडा आणि माझा, दोन्ही त्या आठवड्यात बसवून बघू. दिवसभराचं ऊन पूर्ण तीव्रतेच्या किती तासांइतकं भरतं, तो आकडा धरायचा. कोकण किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये तो सहाच्या वर असतो, जुलैत सरासरीने साडेतीनच्या आसपास येतो. पण ही सरासरीसुद्धा फसवी. सलग झड लागली की एखादा दिवस जेमतेम एक तास भरतो. तारा, उष्णता, इन्व्हर्टर, बॅटरी यांत मिळून पाव भाग जातो असं धरू.

तुमची तीन पॅनेलं, प्रत्येकी ५४० वॉट, म्हणजे १.६२ किलोवॉट. झडीच्या दिवशी मिळणार सव्वा युनिट. घराला लागतात चार. रोजची तूट पावणेतीन युनिटांची. तुमची तीन दिवसांची बॅटरी म्हणजे पंधरा युनिटांची. ती लिथियमची आणि त्यातली तेरा वापरता येतात असं धरलं, तर साडेचार-पावणेपाच दिवस निघतील. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, आणि नेटवरचे सगळे हिशेब इथंच थांबतात.

पुढचं बघा. झड ओसरली, जुलैचे नेहमीचे ढगाळ दिवस आले. साडेतीन तासांच्या उन्हात तुमची तीन पॅनेलं सव्वाचार युनिटं देतील. त्यातली चार त्या दिवशीचं घरच खाणार. बॅटरीत जमा होणार पाव युनिट. तेरा युनिटांचा खड्डा रोज पाव युनिटाने भरायचा म्हटलं तर पन्नास दिवस लागतात, आणि तोवर दुसरी झड येऊन गेलेली असते. म्हणजे एवढी महागडी बॅटरी सगळा पावसाळा तळाशी पडून राहणार. बॅटरी ही टाकी आहे, झरा नव्हे. झरा बारीक असेल तर टाकी कितीही मोठी बांधा.

माझ्या आराखड्यात सहा पॅनेलं आहेत, ३.२४ किलोवॉट, आणि ५१.२ व्होल्ट, १०० अॅम्पिअर-अवरची एक बॅटरी, म्हणजे सुमारे पाच युनिटं, वापरण्याजोगी सव्वाचार. झडीच्या दिवशी अडीच युनिटं येतात, तूट दीडची, बॅटरी पावणेतीन दिवस पुरते. त्याच दिवसांत पंप बंद ठेवला, टीव्ही आवरला, पंखे निम्मे केले, की तूट अर्ध्या-पाऊण युनिटावर येते आणि तीच बॅटरी सहा-सात दिवस ओढते. मुख्य म्हणजे झड ओसरल्यावर पहिल्याच ढगाळ दिवशी साडेआठ युनिटं येतात. घर चालून चारेक उरतात, संध्याकाळपर्यंत बॅटरी भरत आलेली असते. आणि पैशांचं म्हणाल तर लिथियममध्ये एक युनिट साठवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात ५४० वॉटचं एक पॅनेल सहज बसतं. डीलरचा धंदा नक्की कुठल्या आराखड्यात जास्त होतो, ते तुम्हीच पाहा.

उन्हाळ्यात यातली निम्म्याहून जास्त वीज वाया जाईल, हे खरं आहे. जाऊ द्या. इंडक्शनवर भात लावा, कपडे मशीनला लावा, पंप दुपारी चालवा.

आता तुमची अडीच युनिटं. तुम्ही फ्रिज, चार पंखे, आठ दिवे, टीव्ही, वायफाय आणि अर्धा एचपीचा पंप मोजलात. पंखे ३० वॉटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी धरलेत, हे उत्तम. पण ते दिवसाला सहाच तास लावलेत. वैशाखात गुहागरला राहून पाहा, दहा तास तरी फिरतात. त्यात फ्रिजचं पाऊण युनिट तेव्हाच खरं, जेव्हा तो नवा आहे आणि त्याच्या दाराचं रबर धड आहे. आणि एक गोष्ट पूर्ण सुटली आहे, जवळजवळ सगळ्यांच्याच हिशेबात सुटते : इन्व्हर्टर स्वतः. घरात एकही दिवा चालू नसताना ३ ते ५ केव्हीएचा इन्व्हर्टर ४० वॉट सहज खातो, काही त्याहून जास्त. ४० वॉट गुणिले २४ तास, झालं जवळपास एक युनिट. डेटाशीटमध्ये हा आकडा ‘नो लोड’च्या ओळीत असतो आणि विकणारा त्यावर बोट ठेवत नाही. घर बंद असताना फ्रिज रिकामा करून इन्व्हर्टरही बंद करून निघा, पॅनेलांवरून बॅटरी भरत राहील एवढं बघा.

जनरेटरवर तुम्ही सर्वांत जास्त चिडलात. मला तो सोलरचा पराभव वाटत नाही. वर्षातून मोजक्या वेळा येणाऱ्या अडचणीसाठी लाखभराची जादा बॅटरी बारा महिने पाळण्यापेक्षा, तेवढ्यापुरतं दीड-दोन लिटर पेट्रोल जाळणं मला शहाणपणाचं वाटतं. दोन केव्हीएचा छोटा जनरेटर इन्व्हर्टरच्या चार्जरला जोडायचा, चार्जिंग २५ अॅम्पिअरवर बांधून ठेवायचं, म्हणजे जनरेटरवर १३०० वॉटच्या आसपास भार येतो आणि तो दमत नाही. अडीच-तीन तासांत साडेतीन युनिटं बॅटरीत. ही मर्यादा घातली नाही तर चार्जर पूर्ण ताकदीने ओढायला जातो आणि जनरेटर गचके खात बंद पडतो. तो पडवीत किंवा माळ्याखाली मात्र चालवू नका. पाऊस आहे म्हणून बंद जागेत लावलेल्या जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही न देता माणूस मारतो. घरापासून लांब, वर पत्रा, चारी बाजू उघड्या.

आणि गणपती विसरलात का? एरवी दोन माणसांचं घर त्या दिवसांत वीस जणांचं होतं. मखराची रोषणाई, दिवसभर मिक्सर, रात्री जागरण, चारदा पंप. चारची आठ-नऊ युनिटं होतात, आणि तेही भाद्रपदात, जेव्हा पावसाचा भरवसा नाही. त्या पाच दिवसांच्या हिशेबाने बॅटरी घेतलीत तर उरलेलं वर्ष ती शोभेला.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तुमच्या प्रतिक्रियेतल्या शेवटच्या वाक्याने मी दचकलो : घरापर्यंत लाइन आहे, मीटरही आहे, पण ‘एकदा सोलर बसलं की कटवून टाकणार’. कटवू नका. लाइन कितीही बेभरवशाची असली तरी ती बिनधुराचा जनरेटर आहे. सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरला सांगून ठेवता येतं की बॅटरी तीस टक्क्यांखाली गेली तरच लाइनवरून चार्ज कर. वीज येत-जात असली तरी झडीच्या आठवड्यात तिचे चार तास पुरतात. मग पेट्रोलचा जनरेटर शेजाऱ्यांत मिळून एक ठेवला तरी चालेल.

पुरता अंधार कधी होतो, तर ३ जून २०२० सारखा दिवस आला तर. निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात खांब आडवे केले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं. ज्यांना बॅटरी हवीशी वाटते त्यांचं कारण मला पटतं ते यासाठी. नुसतं पुण्यासारखं ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर तिथं कामाचं नाही. लाइन गेली की तो इन्व्हर्टरही बंद होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. दुसऱ्या बाजूला, पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत, लाइनला जोडलेल्या सोलरलाच मिळतं. मीटर कटवलंत तर तेही गेलं.

राहिलं लिथियम. कुणाचीही एजन्सी माझ्याकडे नाही. शिशाची ट्यूब्युलर बॅटरी वाईट असं मी लिहिलेलं नाही. गुहागर-चिपळूणच्या बाजारात तिचा माणूस सापडतो, लिथियमचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बिघडला तर पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं, हा तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण शिशाच्या बॅटरीला वरचेवर पूर्ण भरणं लागतं, आणि शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला ती तासन् तास घेते. कोकणात जून ते सप्टेंबर तेवढं सलग ऊन तिला मिळतच नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनाभर राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कायमची घटते. लोक म्हणतात ‘दोन वर्षांत बॅटरी बसली’, त्यातल्या बऱ्याच अशा पावसाळ्यात मेलेल्या असतात. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेलं राहायला काहीच अडचण नाही. आगीच्या ज्या बातम्या तुम्ही दिल्यात त्या बहुतेक स्कूटरींच्या आहेत. लिथियमचे सगळे प्रकार सारखे नसतात, आणि फॉस्फेटवाली त्यातली सर्वांत थंड डोक्याची. तरी बॅटरी झोपायच्या खोलीत नको, आणि पॅनेल-बॅटरीच्या डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी हवा. एसीचा एमसीबी तिथं ठिणगी तोडू शकत नाही.

पॅनेलं ३० अंशात उभी केली तर पावसाळ्यात जास्त वीज मिळेल, हे जे लिहिलंत ते उलट आहे. गुहागरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर नाहीतर किंचित उत्तरेकडे असतो, आणि ढगातून उजेड सगळ्या आभाळाकडून येतो. १० ते १५ अंश पुरे. पाणी वाहून जाण्याइतका उतार त्यातही मिळतो. कौलांवर बसवणार असाल तर उतार कौलांचाच येईल, मग निदान माडाची झावळी सावली टाकत नाही ना, ते सकाळी नऊ आणि दुपारी तीनला उभं राहून पाहा. एका झावळीने अख्ख्या ओळीची वीज पाडता येते.

तुमच्याकडून आता एकच गोष्ट हवी. आगोटीआधी गावी जाल तेव्हा वायरमनला क्लॅम्पमीटर घेऊन बोलवा आणि पंप सुरू होतानाचा करंट मोजा. अर्धा एचपीचा असला तरी सुरुवातीला चार-पाचपट ओढतो, जुना असेल तर आणखी. तो आकडा आणि फ्रिजचं मॉडेल इथं खाली लिहा. त्यावरून ३ केव्हीएचा इन्व्हर्टर पुरेल की ५ चा लागेल ते सांगतो. तोपर्यंत डीलरला आगाऊ रक्कम देऊ नका.