उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत थांबा, आणि घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा’ अशा आशयाचा संदेश पालकांमध्ये फिरत आहे. त्यातील सल्ला चुकीचा असल्याने हा खुलासा.

मुलगे सरासरीने मुलींपेक्षा किंचित मागे असतात, एवढेच त्यात खरे आहे; पण दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जुळणी करत नसेल, तर ते मुलगा असो वा मुलगी, तपासणी लांबवू नये. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. उलट आजीची मालवणी किंवा अहिराणी बंद केल्याने मुलाशी सहज बोलणारे एक माणूस मात्र कमी होते.

सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी, कारण हाकेला वळून पाहणाऱ्या मुलालाही काही ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते, आणि हे घरच्यांच्या लक्षात येतेच असे नाही. आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी ‘बेरा’ ही चाचणी तर मूल झोपलेले असतानाही करता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी विनामूल्य होते आणि गरजेनुसार त्यांना जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे) पाठवले जाते. मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठी काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा-उपचार सुरू करण्यासाठी निदान पक्के होण्याची वाट पाहावी लागत नाही.