जुन्या टेक्निकलरला ‘सुधारणाऱ्यांनो’, हात आवरा

आज सकाळी एक रील समोर आलं. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या जुन्या हॉलिवूडपटातला दाराचा शॉट (नायिका डोरोथी, म्हणजे ज्युडी गार्लंड, तपकिरी घराचं दार उघडते आणि बाहेर रंगीत ऑझ दिसतं), एआयने ‘पूर्ण रंगीत’ केलेला. डोरोथीच्या खोलीच्या भिंती निळ्या आणि खाली कमेंटमध्ये हार्ट इमोजींचा पाऊस. डोकंच फिरलं.

अरे बाबांनो, तो शॉट रंगीतच आहे! १९३९च्या सिनेमात टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीच्या थ्री-स्ट्रिप, म्हणजे एकाच वेळी तीन फिल्म चालवणाऱ्या, कॅमेऱ्यावर घेतलेला. त्याआधीचं कॅन्सस, म्हणजे डोरोथीच्या घरचा भाग, कृष्णधवल, प्रतीला सेपियाची (तपकिरी) झाक दिलेलं. पण या एका शॉटसाठी खोलीच आतून तपकिरी रंगवली. ज्युडी गार्लंडची डबल बॉबी कोशे हिला तपकिरी चौकड्यांचा फ्रॉक घालून पाठमोरं उभं केलं. ती दार उघडून बाजूला होते, कॅमेरा दारातून पुढे जातो आणि निळ्या फ्रॉकमधली खरी ज्युडी चौकटीत येते. रंगारी आणि शिंपी, एवढ्यावर भागलं. आणि तुम्ही तोच तपकिरी रंग ‘दोष’ म्हणून पुसलात!

तो कॅमेरा काय प्रकरण होतं ते तरी बघा. लेन्समागे दोन प्रिझम जोडलेले, सांध्यावर अर्धपारदर्शक आरसा. थोडा प्रकाश सरळ हिरव्या फिल्टरमधून एका निगेटिव्हवर. उरलेला काटकोनात वळून किरमिजी फिल्टरमधून, इमल्शनला (प्रकाश टिपणाऱ्या थराला) इमल्शन टेकवून धावणाऱ्या दोन निगेटिव्हवर: पुढची निळा टिपणार, मागची लाल. तिन्ही कृष्णधवल! मागचीला प्रकाश पुढचीतून गाळून मिळायचा, म्हणून लाल नोंद, म्हणजे लालची प्रतिमा, कायम जरा मऊ, कमी धारदार. या वाटावाटीत प्रकाश इतका खर्ची पडायचा की सेटवर कार्बन आर्क दिव्यांची फौज लागायची. ऑझच्या सेटवर पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेलेला, आणि त्या भट्टीत सिंहाची भूमिका करणारा बर्ट लाहर सिंहाचं कातडं पांघरून उभा.

मग छपाई. प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनचा उठाव असलेली एक मॅट्रिक्स, म्हणजे छपाईचा ठसा. उठाव जिथे जाड, तिथे रंग जास्त शोषला जाणार. निळ्या नोंदीची मॅट्रिक्स पिवळ्या रंगात भिजवायची, हिरव्या नोंदीची मॅजेंटात (किरमिजीत), लालची सायनमध्ये (हिरवट निळ्यात). तिन्ही एकाच फिल्मवर आळीपाळीने दाबायच्या, लाकडी ठशांनी कापड छापतात तशा. जरा सरकलं की चेहऱ्याच्या कडेला रंगीत किनार. म्हणजे निगेटिव्हमध्ये रंग नव्हताच, तो प्रयोगशाळेत भरला जायचा. म्हणून तर सेटवरचं प्रत्येक कापड आधी तपासायचे. शुभ्र पांढरं भगभगायचं, म्हणून डोरोथीचा ‘पांढरा’ ब्लाउज प्रत्यक्षात फिक्कट गुलाबी. मूळ पुस्तकातले डोरोथीचे चंदेरी बूट पडद्यावर माणकासारखे लाल झाले ते याच रंगासाठी.

बरं, भडकपणा होता, मान्य. नताली काल्मस ही टेक्निकलरची रंग-सल्लागार दिग्दर्शकांना जाच वाटायची, तेही मान्य. १९२०च्या दशकातल्या दोनरंगी टेक्निकलरमध्ये तर धड निळं आभाळसुद्धा येत नव्हतं. म्हणून काय आज ते निळं करायचं? दोन रंगांत ती माणसं काय काय साधत होती, तेच बघण्यासारखं आहे.

प्रयोगशाळा चुकली की काय होतं, हे आपल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीला विचारा. ‘सैरंध्री’ १९३३ साली रंगासाठी जर्मनीला नेली आणि रंग फसले.

कमेंटमध्ये एकजण म्हणतो, ‘जुन्या प्रती गुलाबी पडतात, मग सुधारल्या तर बिघडलं कुठे?’ गुलाबी पडतो तो १९५०नंतरचा ईस्टमनकलर, ती वेगळीच रंगीत फिल्म, साहेब. त्यातला सायन आधी उडतो. टेक्निकलरची छापील प्रत नीट ठेवली तर आजही टवटवीत दिसते, आणि मूळ निगेटिव्हमध्ये उडायला रंगच नाही.

असो, चिडून काय होणार. डिजिटल कामाला माझा विरोध नाही. नायट्रेट या जुन्या फिल्मच्या तीन निगेटिव्ह वर्षानुवर्षं पडून वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात, ठसे जुळेनासे होतात. तेव्हा तिन्ही स्वतंत्र स्कॅन करा, फ्रेमगणिक जुळवा आणि रंग अंदाजाने न भरता जुनी छापील प्रत शेजारी ठेवून लावा. फक्त लाल नोंद मऊ आहे ती मऊच राहू द्या. तिला धार काढायला गेलात की आधी दाणा (फिल्मचा रवाळपणा) उठतो, मग तो दाबायला सॉफ्टवेअर लावता आणि ज्युडीच्या गालांचं प्लास्टिक होतं.