स्क्रू कुठे आहेत?

दुकानांच्या पाट्या लावणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास कोण देतं, असं कुणी मला विचारलं तर मी ऊन, वारा किंवा भुसभुशीत भिंत म्हणणार नाही. मी परवाच्या त्या पिशवीवाल्या काकांचं नाव घेईन. फक्त त्यांचं नाव मला माहीत नाही.

काम साधं होतं. काळ्या ॲक्रिलिकची आठ फूट बाय दोन फूट पाटी, आणि शेठची एकच अट: समोरून एकही स्क्रू दिसता कामा नये. हे काम मला येतं. भिंतीवर ॲल्युमिनियमची, इंग्रजी झेडसारखी दुमडलेली पट्टी स्क्रूने घट्ट बसवायची, तिच्या उलटी दुसरी पट्टी पाटीच्या पाठीला लावायची, आणि खुंटीवर पिशवी अडकवावी तशी पाटी वरून खाली अडकवायची. समोरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही. घोळ इथेच झाला, कारण समोरून बघणारा एक जण तिथे हजर होता.

पाटी अडकवून, लेव्हल लावून, मी शिडीवरच जरा श्वास घेत होतो. खालून आवाज आला.

"मिस्त्री, स्क्रू कुठे आहेत?"

"मागे आहेत, काका."

काका गेले. मला वाटलं, सुटलो. थोड्या वेळाने दुकानाला वळसा घालून परत आले. "मागे काही नाही."

"भिंतीच्या मागे नाही हो, पाटीच्या मागे."

"पाटीच्या मागे भिंत आहे."

"बरोबर. भिंतीत स्क्रू आहेत, स्क्रूंवर पट्टी आहे, पट्टीवर पाटी आहे."

"आणि पाटीला?"

"पाटीला दुसरी पट्टी आहे. ती पहिलीत अडकते."

"ती पाटीला कशाने लावली?"

"टेपने."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पाटीखालून दोन पावलं मागे सरकले. नंतर, एक बाई दुकानात शिरत होत्या, त्यांना म्हणाले, "जरा बाजूने जा, ताई. टेपवर आहे."

टेप म्हटलं की लोकांना वह्यांच्या कव्हरची चिकटपट्टी आठवते, त्याला माझा इलाज नाही. ही टेप म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारा जाड फोम. पाच मिलिमीटर जाडीची एवढी पाटी जेमतेम नऊ किलो भरते. टेपचा ढोबळ हिशेब किलोमागे साठेक चौरस सेंटिमीटर, म्हणजे पंचवीस मिलिमीटर रुंदीची एक टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की भागतं. मी वर एक आणि खाली एक लावली होती. तीही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने पुसून, सगळीकडून दाबून. आणि पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात म्हणून पाटी तेवढा वेळ माझ्याकडे आडवी पडून होती. हे सगळं मी काकांना सांगितलं. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला लोक निवांत सल्ले देतात, कारण तो पळून जाऊ शकत नाही. पण त्याने उलट माहिती द्यायला सुरुवात केली की मात्र त्यांना कुठेतरी जायचं असतं. काकांना कुठेच जायचं नव्हतं.

"त्यापेक्षा चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारा. विषय संपला."

इथे माझा आवाज चढला. ॲक्रिलिक उन्हात वाढतं. तापमानात तीस अंशांचा फरक पडला की आठ फुटांची पाटी पाच मिलिमीटरने लांब होते. तेवढ्याच फरकाला तेवढंच लोखंड एक मिलिमीटरही वाढत नाही. त्यात पाटी काळी, म्हणजे तापायला आणखी उत्साही. चार कोपरे स्क्रूने आवळले तर तिने वाढायचं कुठे? मग भोकापाशी केसासारखी चीर पडते आणि एक दिवस ती कडेपर्यंत पोचते. यावर उपाय आहे: भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा आणि स्क्रू अर्धवट सैल ठेवा. पण स्क्रू घट्ट न पिळता ज्याचं समाधान होतं असा माणूस मला अजून भेटलेला नाही. फोमची टेप मात्र स्वतः थोडी ताणली जाते आणि पाटीला हलू देते.

काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना," ते म्हणाले.

हो, प्लास्टिकच. १९३३ साली प्लेक्सिग्लास या नावाने बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटवर जाऊन बसलं, ते हेच. त्या वैमानिकांनी 'समोरून स्क्रू दिसता कामा नये' अशी अट घातल्याचं ऐकिवात नाही. त्यांना पाटी नको होती, जीव हवा होता.

मी खाली उतरलो तेव्हा काका पाटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावरची संरक्षक फिल्म नखाने सोलत होते. ही फिल्म दिसली की चांगल्या चांगल्या माणसांचा तोल जातो. विचारायचं नाही, थांबायचं नाही, कोपरा सापडला की ओढायचं. नखाने भागेना म्हणून काकांनी किल्ली काढली. ॲक्रिलिकवर किल्ली! मी ओरडेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. तिथे आता अर्ध्या बोटाएवढा ओरखडा आहे. काका म्हणाले, "आधीपासून असेल."

आणि त्यानंतर याच माणसाने एक रास्त प्रश्न विचारला. राग त्याचाच जास्त आला. "वरून अडकवली, म्हणजे वर उचलली की निघते. मग चोराने उचलली तर?"

प्रश्न बिनतोड आहे. म्हणून तर खालच्या कडेला आतून न्यूट्रल सिलिकॉनचे, म्हणजे वाळल्यावर रबरासारख्या होणाऱ्या चिकट लेपाचे, ठिपके देतात. ते वाळले की पाटी सहज वर सरकत नाही. मी ते दिले होते. पण तेही मागेच होते. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात शेठ बाहेर आले, आणि काकांनी मी तोंड उघडायच्या आत अहवाल दिला: "पाटी छान आहे, पण हे स्क्रू मारायला विसरलेत."

शेठनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "समोरून एकही दिसता कामा नये" म्हणणारे हेच गृहस्थ. म्हणाले, "तसं नाही, पण कसंय, सेफ्टीसाठी चार मारूनच टाका ना. गिऱ्हाईक खालून जातं."

मी वाद घातला नाही. सामानात स्टीलच्या गोल चकचकीत टोप्या होत्या, ज्या स्क्रूच्या डोक्यावर बसवतात. चार कोपऱ्यांत चार टोप्या त्याच टेपने चिकटवल्या. त्यांच्याखाली भोक नाही, स्क्रू नाही, काही नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यातली नेमकी ओरखड्यावर बसली, तेवढाच काय तो फायदा. काकांनी खालच्या दोन्ही टोप्यांवर बोटाने टकटक केलं. "आता कसं! हे पक्कं काम." आणि पाटीच्या बरोब्बर खाली उभे राहून कुणाला तरी फोन लावला.

टोप्यांचे पैसे शेठनी लगेच, एका शब्दाची घासाघीस न करता दिले. पट्ट्या, टेप आणि लेव्हल जुळवण्यात घातलेला वेळ, यांचे अजून यायचेत. काल फोन केला तर म्हणाले, "देतो हो. पण तुम्ही मागे एवढं काय काय लावलंय ते एकदा काढून दाखवा ना."