यूपीआयवर 2000 च्या वर जीएसटी? असं काही नाहीये

पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, 2000 च्या वर यूपीआय केलं की 18 टक्के जीएसटी कापणार म्हणे. चुकीचं आहे हे. अर्थ मंत्रालयाने एप्रिल 2025 मध्येच सांगितलंय की असा कुठलाही प्रस्ताव सरकारपुढे नाही.

जीएसटी तुम्ही पाठवलेल्या रकमेवर लागतच नाही, तो लागतो दुकानदाराकडून जी फी घेतात, म्हणजे एमडीआर, तिच्यावर, आणि बँक खात्यातून थेट यूपीआय केलं तर ही फी जानेवारी 2020 पासून शून्य आहे, मग शून्याचे 18 टक्के किती होणार तुम्हीच सांगा. वॉलेटमधून किंवा रुपे क्रेडिट कार्ड जोडून 2000 च्या वर दिले तर चार्ज आहे, पण तो दुकानदाराच्या बाजूचा, गिऱ्हाईकाचा नाही.

परवा मेन रोडवर आईने 2600 ची साडी घेतली तर दुकानदार काका म्हणाले दोनदा करा, 1300-1300, नाहीतर टॅक्स लागेल. काकांचं मन वाईट नव्हतं हो, घाबरलेले होते. छोट्या दुकानदारांना खरी भीती जीएसटी खात्याच्या नोटिशीची असते, पण तिथेही वर्षाची उलाढाल बघतात, मालाच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा 40 लाख, सेवेला 20 लाख, पैसे रोख आले की यूपीआयने याने त्यात काही फरक पडत नाही.

प्लीज, तो मेसेज पुढे ढकलू नका आणि ज्यांनी तुम्हाला पाठवलाय त्यांना हे सांगा.