बेसचे जाणकार व्हा, बेस न वाजवता

बेस गिटारमधलं आपल्याला कळतं, असं चारचौघांत ठसवायचं असेल तर पहिला नियम देव्हाऱ्याशेजारी लिहून ठेवा: वाद्य वाजवायचं नाही. वाजवणाऱ्याची चूक होते. जाणकाराची कधीच होत नाही.

हे ज्ञान मला गेल्या रविवारी घरबसल्या मिळालं. २२ वर्षं वाद्यवृंदात गळ्यात अडकवलेला माझा बेस मी विकायला काढलाय. डावा खांदा बोलायला लागलाय, आणि साडेचार किलोचं ते धूड चार-चार तास लटकवणं आता बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. जाहिरात टाकली, फोटो टाकले, किंमतही टाकली. रविवारी सकाळी साडेदहाला एक तिशीतला मुलगा आला. दारात चपला काढता काढता म्हणाला, "काका, बॉडी अल्डरची आहे की अ‍ॅशची?"

मी म्हटलं, "लाकडाची आहे."

त्याला वाईट वाटलं. माझ्यासाठी.

तर दुसरा नियम: वाद्याला हात लावल्या लावल्या टिचकी मारा. त्याने बेस उचलला, कानाशी नेला आणि मंडईत कलिंगड निवडावं तसं बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी ठोठावून पाहिलं. डोळे मिटले. मग म्हणाला, "सस्टेन थोडा कमी वाटतोय." म्हणजे सूर फार वेळ टिकत नाही. अजून वायर लावलेली नव्हती. अ‍ॅम्प कोपऱ्यात, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे. इलेक्ट्रिक बेसमध्ये पोलादी तार हलते, खालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज उमटते आणि ती वीज वायरीतून अ‍ॅम्पकडे जाते. लाकडाचा त्यात वाटा किती, यावर लोक वर्षानुवर्षं कीस पाडतायत. पण तुम्ही कीस पाडत बसू नका, सरळ निकाल द्या.

मग त्याची नजर फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं ठेवायच्या पट्टीवर, गेली. "रोझवूड आहे, पण इंडियन." 'पण'वर जोर. अरे बाबा, इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव! आपल्या सह्याद्रीत उगवणारा. माझ्या आजोबांचं कपाट त्याचंच होतं आणि ते हलवायला चार माणसं लागायची. इथला शिसव जगभरच्या गिटारींवर बसतो आणि कोथरूडचा पोरगा त्याला नाक मुरडतो. त्याला ब्राझीलचा हवा. त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून बंदी आहे. मला वाटतं, म्हणूनच त्याचा आवाज एवढा गोड लागतो.

ब्रँडचं नाव नुसतं घेऊ नका, सालासकट घ्या. नुसतं 'फेंडर' कोणीही म्हणतं. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्या डबल बेसवर सूर अंदाजाने धरावा लागायचा, इथे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवल्यामुळे तो नेमका मिळू लागला, म्हणून ते नाव. १९६० मध्ये जॅझ बेस आला. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरना. आणि त्या दिवसापासून, जाणकारांच्या मते, लाकूड, तारा, रंग, स्क्रू सगळं एका रात्रीत नासलं. म्हणून सतत 'प्री-सीबीएस, प्री-सीबीएस' असा जप करा. नावाजलेल्या बेसवादक मार्कस मिलरने ज्या बेसवर आयुष्य काढलं तो १९७७ चा आहे, म्हणजे ऐन नासक्या काळातला, असं कोणी काढलंच तर म्हणा, "तो अपवाद." आणि लिओ फेंडर हा मुळात फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे तर पाठच करा. तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. फक्त त्याने वाद्य बनवलं होतं, ही बारीकशी गोष्ट सांगायची नाही.

स्वस्त बेस दिसला तर "या किमतीत बरा आहे." महाग दिसला तर काही न बोलता हळू मान हलवा.

चार तारांवाल्याला म्हणा, हल्ली पाच लागतात. पाच तारांवाल्याला म्हणा, जेमरसनला (हा थोर बेसवादक पुढे येतोच) चार पुरल्या.

आवाजातला फरक नेहमी फोनवरच ऐकवा. आमच्या पाहुण्याने ऐकवला. दोन बेसची तुलना करणारा व्हिडिओ होता, एक माझ्या बेसच्या जातीचा आणि दुसरा सात पट किमतीचा. "बघा काका, लो एन्डमधली वॉर्म्थ बघा." बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून ती ऐकू येण्याइतकी बाहेरच पडत नाहीत. वरचे उपस्वर ऐकून खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणजे तो मला जी ऊब ऐकवत होता, ती माझ्याच डोक्यात तयार होत होती. मी म्हटलं, "छान आहे." हिने तोवर दुसरा चहा टाकला.

पिकने, म्हणजे बोटांऐवजी प्लॅस्टिकच्या तुकड्याने, वाजवणाऱ्याला बेसिस्ट मानू नका. कॅरोल के हिने पिक घेऊनच हजारो रेकॉर्डिंग वाजवली, तो विषय टाळा.

आता तारा. या मुद्द्यावर मी शांतपणे लिहिणार होतो.

पाहुण्याने अंगठ्याने जाड तार दाबून पाहिली, बोटाला लागलेला काळा डाग पाहिला आणि विचारलं, "तारा कधी बदलल्यात?" मी म्हटलं, झाली असतील तीन-चार वर्षं. तो दचकलाच. "काका, डेड आहेत या! दर दोन-तीन महिन्यांनी बदलायच्या असतात." आणि हे म्हणणाऱ्या माणसाच्या टी-शर्टवर कोण होतं? जेम्स जेमरसन! छातीभर, बेससकट! तोच जेमरसन, ज्याने डेट्रॉइटच्या एका घरातल्या स्टुडिओत मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवून निम्म्या जगाला नाचवलं. ज्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाडजूड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा असायच्या आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. तारा टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा, म्हणजे सस्टेन मुद्दाम मारलेला. आणि उजव्या हाताचं एकच बोट! दोन नाही, एक! त्या बोटाला लोकांनी 'हुक' नाव ठेवलं. एवढं करून वर्षानुवर्षं त्याचं नाव तबकड्यांवर छापलं जात नव्हतं. १९८३ साली माणूस गेला आणि जायच्या थोडे दिवस आधी तो बेससुद्धा चोरीला गेला. आज जेमरसन जिवंत होऊन माझ्या हॉलमध्ये आला असता तर या मुलाने त्याला सांगितलं असतं, अंकल, तुमच्या तारा डेड आहेत, सस्टेन कमी आहे आणि दुसरं बोट वापरायला शिका.

टी-शर्टवरचा जेमरसन माझ्या मळक्या तारांकडे बघत होता. खोलीत आमचं दोघांचंच जमत होतं.

वादकांची नावं घेताना समोरच्याने न ऐकलेलं एक तरी घ्यावं. त्याने अकरा घेतली, मी मोजली. व्हिक्टर वूटन म्हणजे सर्कस. मॅकार्टनी फक्त मेलडी बरी करतो. मोहिनी डे फार नोट्स वाजवते. (मुंबईची मुलगी जगभर वाजवत हिंडते, आणि यांना नोट्स फार होतात.) जॅको पास्टोरियसने जॅझ बेसचे फ्रेट उपटून फिंगरबोर्डवर बोटीला लावतात तो इपॉक्सी चोपडला, हे त्याने मला इपॉक्सीच्या कंपनीच्या नावासकट सांगितलं. मी विचारलं, "आर. डी. बर्मनकडे बेस कोण वाजवायचं?" गप्प. टोनी वाझ, बाळा. ज्या गाण्यांवर तुझ्या आईवडिलांच्या लग्नाची वरात नाचली असेल, त्या गाण्यांच्या तळाशी हा माणूस होता. रेहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स आहे, तो तरी? "नाव ऐकल्यासारखं वाटतंय," म्हणाला.

शेवटी एकदाची वायर लागली. कपडे पलंगावर, अ‍ॅम्प चालू. त्याने एका पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या त्या चुंबक-वेटोळ्याचा, नॉब शून्यावर नेला, घूंऽऽ आवाज आला. "ग्राउंडिंगचा प्रॉब्लेम आहे." अरे, जॅझ बेसला एकेका वेटोळ्याचे दोन पिकअप (सिंगल कॉइल) असतात, एक बंद केलं की दुसरं घरातल्या विजेची घरघर पकडतंच. दोन्ही सारखे चालू ठेव, थांबेल. थांबली. त्याने किमतीतून दोन हजार मात्र तेवढ्यात कमी केले होते.

आणि मग, अर्थातच, स्लॅप. दुकान असो, दुसऱ्याचं घर असो, सुतक असो, बेस हातात आला की स्लॅप मारायचाच, आणि तोही सगळे मारतात तोच तुकडा. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहमने ही युक्ती काढली ती आईबरोबर वाजवताना ड्रमर उरला नाही म्हणून. अंगठा मारला की बास ड्रम, तार उपटली की स्नेअर. म्हणजे ठेका धरायला. आमच्या पाहुण्याचा ठेका पहिल्या चार सेकंदांतच दोनदा सरकला.

आमच्या वाद्यवृंदातले ढोलकीवाले अण्णा हिशेबाला आले होते. मघापासून पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपर खाली ठेवला, टीपॉयवर साधा केरवा धरला आणि म्हणाले, "वाजव की रे याच्याबरोबर. एकच सूर वाजव, पण समेवर ये."

चार आवर्तनं. पहिल्याला तो उशिरा आला, दुसऱ्याला आधी. तिसऱ्याला त्याने स्लॅप मारला. चौथ्याला थांबून म्हणाला, "याची अ‍ॅक्शन हाय आहे." म्हणजे तारा फिंगरबोर्डपासून उंच आहेत. आणि बेस खाली ठेवता ठेवता ते वाक्य म्हणाला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय: "कसं आहे ना काका, हा बिगिनर लेव्हलचा आहे."

बिगिनर? अरे, या बेसने २२ गणेशोत्सव काढलेत. जनरेटरच्या हेलकावणाऱ्या व्होल्टेजवर, अलिबागच्या पावसात प्लॅस्टिकची पिशवी बांधून, हळदीच्या मांडवात नवरदेवाच्या मामाने अंगावर ओतलेल्या थंडपेयासकट. एकाने येऊन मला लाकूड कुठलं विचारलेलं नाही. एकदा मंडळाच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात माझी वायर तुटली. काय गेलं ते कुणालाच कळलं नाही, पण पुढच्या रांगेतले नाचणारे पाय ढिले पडले. मी वायर बदलून परत आलो, पाय उचलले. एवढंच काम आहे बेसचं, आणि ते तुला एका टीपॉयबरोबर करता येत नाही.

वाजवता येत नाही म्हणून मी चिडलेलो नाही. ज्याला येत नाही त्याला मी पदरचा चहा पाजून शिकवीन, कितीतरी पोरांना शिकवलंय. चीड याची आहे की तुम्हाला शिकायचंच नाही. तुम्हाला नुसती मतं हवीत. फोनवर चार व्हिडिओ बघायचे आणि ज्या माणसाने बोटाला घट्टे पाडून घेतले त्याच्या घरात बसून त्याच्या वाद्याची लायकी काढायची. थोडी तरी लाज बाळगा. आधी ठेका देणारा मेट्रोनोम लावून महिनाभर एक सूर वाजवा, मग माझ्या दारात या आणि खुशाल टिचक्या मारा.

बुधवारी त्याचा मेसेज आला: "काका, लास्ट प्राइस?"

बेस विकायचा आहे अजून. किंमत तीच. तारा जुन्या आहेत, बदलून मिळणार नाहीत.