धरण फोडलं तं जमीन सुपीक होते म्हणे!

आमच्या गावच्या ग्रुपवर परवा भाऊजींनी एक फॉरवर्ड टाकला, मग तोच अजून तीन ग्रुपवर दिसला. लढाईत धरण फोडणं म्हणजे सगळ्यात 'स्वच्छ' हत्यार, ना बारूद ना रेडिएशन, पाणी आठ दिवसात उतरते, गाळानं जमीन सुपीक होते, नदी मोकळी होते, आणि पुरावा काय तं युक्रेनच्या लढाईत फुटून रिकाम्या झालेल्या काखोव्का धरणात उगवलेल्या जंगलाचा फोटो. भाऊजी, राग नका मानू, पण हे काही पटलं नाही.

पाणी उतरते हे खरं. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या ब्रह्मपुरीकडं वैनगंगेचं पण उतरलंच होतं. तेव्हा कोणतं धरण फुटलं नव्हतं, वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं अन् आपल्या गोसीखुर्द धरणाचे गेट उघडले, बस. तरी आमच्या दोन बांध्या रेतीनं भरल्या, रोवणा झालेला धान त्याच्याखाली, मोटारपंप गेला, अन् पंचनामेवाले आले ते सगळं वाळल्यावर. आता हिशोब करा, गोसीखुर्दमध्ये साधारण ११४६ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, काखोव्कात होतं १८ घन किलोमीटर, म्हणजे जवळपास सोळा गोसीखुर्द. ६ जून २०२३ ला ते फुटलं अन् खाली सुमारे ६०० चौरस किलोमीटर पाण्यात गेलं.

बारूद नाही म्हणता? नदीकाठी पेरलेले भूसुरुंग पुरासोबत वाहत जाऊन कोणाच्या कोणाच्या वावरात बसले, ते बारूद नाही तं काय आहे! वीजघरातलं मशीनचं ऑइल निदान १५० टन नदीत गेलं असं युक्रेन सरकारनंच सांगितलं. रेडिएशन झालं नाही, बरोबर, पण झापोरिझ्झियाच्या अणुवीज केंद्रातल्या भट्ट्यांना थंड ठेवायचं पाणी याच धरणातून यायचं. भट्ट्या आधीच बंद होत्या अन् वेगळा तलाव भरलेला होता म्हणून निभावलं.

आता गाळ. इथंच तं खरी गोम आहे. आपण मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून वावरात टाकतो, तो चांगलाच असते, त्यावरून सगळ्यांना वाटते गाळ म्हणजे सोनं. पण काखोव्का १९५६ चं धरण, वरच्या अंगाला पोलादाचे कारखाने, साठ-पासष्ट वर्षं जे सांडपाणी आलं त्यातले जड धातू बुडाशी बसत गेले. पाणी होतं तोवर ते दबून होते. २०२५ मध्ये 'सायन्स' या मासिकात शास्त्रज्ञांनी हाच धोका मांडला, की उघडा पडलेला हा गाळ पुढच्या पुरांसोबत खाली जात राहील. अन् नुसत्या गाळाचंच पाहायचं तं चीन घ्या. जून १९३८ मध्ये जपानी फौज अडवायला चीनच्याच सरकारनं हुआयुआनकोउला पीत नदीचा बांध फोडला, नदी जुनं पात्र सोडून गेली ती १९४७ मध्ये परत वळवली, लाखो माणसं मेली, वावरं गाळाखाली अन् रेतीखाली गेली. जगात गाळासाठी नावाजलेली नदी ती! मग नऊ वर्षं काहून नाही पिकली ती जमीन?

नदी मोकळी करायचीच असंल तं तेही करता येते, अमेरिकेत एल्वा नदीवरचे दोन धरणं २०११ ते २०१४ अशी टप्प्याटप्प्यानं काढली, गाळ हळूहळू सोडत. काखोव्कात मात्र मासे वर चिखलात तडफडून मेले अन् खाली ओडेसाजवळ समुद्राचं खारेपण एकदम उतरलं.

जंगलाचं मात्र खरं आहे, फोटो खोटा नाही. विलो अन् पॉप्लर माणसाच्या डोक्यावर गेलेत, मलाही आवडला तो. फक्त झाडं त्याच गाळात उभी आहेत. अन् त्या धरणाच्या कालव्यांवर तिकडची लाखो हेक्टर शेती होती, एकट्या खेरसोन भागातल्या ९४ टक्के सिंचन योजना कोरड्या पडल्या असं त्यांच्या कृषी खात्यानं तेव्हाच सांगितलं. आपल्या गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याला एक पाळी उशिरा आली तं किती बोंब होते ते तुम्हाला माहीत आहे, मागच्या हंगामात इंजिनिअरला फोन तुम्हीच लावत होते.

फोटो धरणाच्या वरच्या अंगाचा आहे भाऊजी. एखादा खालच्या अंगाचा भेटला तं तोही टाका ग्रुपवर, अन् कालव्याचा.