पायीची वहाण डोक्यावर

परदेशी स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाला घर कोठे घ्यावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे आणि पोळ्या कोणाकडून आणाव्यात, याविषयी सल्ला देणारे शंभर जण भेटतात. पण कोणत्या संघाच्या नादी लागू नये, हे सांगणारा एकही भेटत नाही. तसा एक जरी भेटला असता, तरी माझे गेले काही ऑक्टोबर महिने सुखात गेले असते.

२०११ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त मी सिॲटलजवळच्या रेडमंडला आलो आणि जुलैमध्ये एका सहकाऱ्याने मला मॅरिनर्स या स्थानिक बेसबॉल संघाचा सामना पाहायला नेले. त्या महिन्यात हा संघ सलग १७ सामने हरला. कोणताही शहाणा माणूस तेथूनच काढता पाय घेईल. पण नव्या वस्तीत राहायला गेल्यावर शेजारी आजारी आहे असे कळले की आपण जशी भाताची पेज घेऊन जातो, तशा भावनेने मी पुन्हा एकदा गेलो, मग पुन्हा गेलो, आणि एके दिवशी लक्षात आले की आता आजारी मीच आहे.

दुखणे काय आहे, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ संघ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, खेळलेले आहेत. जिंकलेले नव्हे, नुसते खेळलेले. उरलेला एक संघ माझा. १९७७ साली तो स्थापन झाला तेव्हापासून आजवर मांडवापर्यंत वरात गेली आहे, घोड्यावरून नवरदेव उतरलाही आहे, पण अंतरपाट म्हणून कधी दूर झाला नाही.

आमच्या शेजारी विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. संघाच्या अगदी पहिल्या सामन्याला, ६ एप्रिल १९७७ रोजी, ते हजर होते. तो सामना ७–० असा हरला होता, हे ते अशा सुरात सांगतात की जणू पत्रिकेतच तसे लिहिले होते. २००१ साली याच संघाने नियमित हंगामात ११६ सामने जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली. जपानहून नुकत्याच आलेल्या इचिरोने त्या वर्षी लोकांना वेड लावले होते. एवढे करून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्कच्या यांकींनी आमच्या लोकांना पाचव्या सामन्यातच घरी पाठवले, आणि त्यानंतर २०२२ पर्यंत संघाने प्लेऑफचे तोंडही पाहिले नाही. एवढ्या काळात आजोबांच्या नातीचा जन्म, शिक्षण आणि साखरपुडा इतके सारे उरकले.

२०२३ साली तर मजाच झाली. संघाने ८८ सामने जिंकले, ७४ हरले आणि अवघ्या एका सामन्याने प्लेऑफ हुकले. त्यावर संघाच्या एका बड्या अधिकाऱ्यांनी असा युक्तिवाद मांडला की दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिले की वर्ल्ड सिरीज गाठली जातेच. सारे सिॲटल या वाक्याने संतापले. मला मात्र संताप येण्याऐवजी घाम फुटला, कारण ५४ टक्के हा आकडा मी यापूर्वी एकदाच, बारावीच्या निकालात, मोठ्याने उच्चारला होता, आणि त्या दिवशी आमच्या घरात पेढे तर सोडाच, संध्याकाळचा चहादेखील कोणी टाकला नव्हता.

आशा ही वस्तू अशा लोकांना फार वाईट वळणे लावते. २०२२ मध्ये टोरंटो ब्लू जेजविरुद्धच्या सामन्यात आमचा संघ ८–१ असा मागे पडलेला असताना, सिॲटलच्या स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यावर तो सामना पाहत बसलेल्या लोकांनी पायातला बूट काढून डोक्यावर ठेवला, आणि संघ १०–९ असा जिंकला. तेव्हापासून संकटसमयी बूट डोक्यावर घेणे हा येथील शास्त्रार्थ ठरला आहे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ असे ज्या भाषेत शतकानुशतके बजावले गेले, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने हे कसे करावे? पहिल्या वेळी मी न्हाणीघराचे दार लावून केले. (त्या वर्षी बुटाची पुण्याई फार टिकली नाही. पुढच्याच फेरीत ह्यूस्टनविरुद्ध अठरा इनिंग, म्हणजे दोन पूर्ण सामन्यांइतका खेळ, सहा तासांहून अधिक वेळ चालला. त्यात आमच्या संघाने एकही धाव केली नाही आणि १–० असा हरून गाशा गुंडाळला.)

२०२५ च्या सप्टेंबरात तर एका चाहत्याने इंटरनेटवरील बाजारात पैसे मोजून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र टाकून घेतला, आणि संघ लागोपाठ दहा सामने जिंकला. कार्यालयात सगळे हसत होते. मी हसलो नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या घरातला माणूस असल्या गोष्टींना हसण्याच्या स्थितीत नसतो. मला फक्त एवढेच वाटले की तेच काम माझ्या आजीने चुलीपाशी फुकटात केले असते.

त्या वर्षी खरोखरच सारे ग्रह अनुकूल होते. आमचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा गडी, कॅल रॉली, ज्याला त्याच्या भरदार पार्श्वभागामुळे लोक प्रेमाने ‘बिग डंपर’ म्हणतात, त्याने हंगामात ६० होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट भिंतीपलीकडचे फटके, मारले. एवढे आजवर कोणत्याही कॅचरने मारलेले नव्हते. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना पंधरा इनिंग चालला आणि चक्क आम्ही जिंकला. मग टोरंटोशी सात सामन्यांची मालिका सुरू झाली. चार जिंकणारा वर्ल्ड सिरीजमध्ये. पहिले दोन आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन जिंकले, पुढचे दोन आपल्या अंगणात हरलो. वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, पाचव्या सामन्यात आमच्या सुआरेझने तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील थांब्यांवर, आपले गडी उभे असताना होमरन मारला, तेव्हा मी आजोबांच्या गळ्यात पडलो आणि माझ्या हातातील शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्या हिरवळीवर पालथा झाला. सहावा सामना आम्ही हरलो. राहिला सातवा, सोमवार, २० ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वाजून आठ मिनिटांनी.

आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे लक्ष्मीपूजन होते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला, यावर महाराष्ट्रात पुष्कळ खल झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. पुण्याहून आईने २१ तारीख कळवली, तेव्हा मला क्षणभर हायसे वाटले. पण सौभाग्यवतींनी अमावास्येच्या वेळा सिॲटलच्या घड्याळात बसवून दाखवल्या: आमच्याकडे अमावास्या २० ला पहाटे तीननंतर लागत होती आणि २१ ला पहाटेच संपत होती, त्यामुळे प्रदोषकाळी अमावास्या हवी असेल तर वीसच तारीख. गणिताशी भांडण करता येत नाही. मी सुचवले की पूजा रात्री नऊला करावी. सूर्यास्त सहाच्या सुमारास असताना नऊला कोणती लक्ष्मी येते, असे सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी अतिशय मृदू आवाजात विचारले, आणि तो विषय तेथेच संपला.

तथापि देवाला माझी काळजी होती. आमच्या दिवाणखान्यात पूर्वेकडची भिंत टीव्हीने अडवलेली आहे. चौरंग पूर्वेलाच मांडायचा, असा सासूबाईंचा आग्रह पडला, आणि अशा रीतीने लक्ष्मीची तसबीर, कलश, केरसुणी, वह्या, माझा कार्यालयाचा लॅपटॉप आणि मॅरिनर्सचा सातवा सामना एकाच रेषेत, एकावर एक, विराजमान झाले. आवाज बंद ठेवण्याच्या अटीवर टीव्हीला परवानगी मिळाली. मी पाटावर बसून हात जोडून समोर एकटक पाहत राहिलो. जावयाची एवढी एकाग्रता सासूबाईंनी यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

फराळासाठी आजोबांनाही बोलावले होते. ते आपला जुना ट्रान्झिस्टर आणि एका कानातले श्रवणयंत्र घेऊन आले आणि सोफ्याच्या टोकाला बसले. आता यात एक तांत्रिक अडचण होती. आमचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, त्यामुळे मैदानात घडलेले त्याच्यावर दिसेपर्यंत अर्धा मिनिट तरी जातो. आजोबांचा रेडिओ मात्र तत्काळ बोलतो. परिणामी खेळात काय होणार, ते आधी आजोबांच्या चेहऱ्यावर उमटायचे आणि मग पडद्यावर दिसायचे. तिसऱ्या इनिंगमध्ये त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि थोड्या वेळाने हुलिओ रॉड्रिगेजचा होमरन दिसला. पाचव्या इनिंगमध्ये त्यांनी डोळे मिटून मूठ आवळली, आणि बिग डंपरने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. ३–१. त्या वेळी माझ्या हातात लाह्या-बत्ताशांचे ताट होते. ज्यांनी क्रिकेट पाहिले आहे त्यांना सांगायला नको की ते ताट आता सामना संपेपर्यंत माझ्या हातातून खाली ठेवले जाणार नव्हते.

सातव्या इनिंगच्या उत्तरार्धात आरती सुरू झाली. टोरंटोचे दोन गडी बेसवर होते, एक आउट झालेला होता. आणखी आठ आउट मिळाले की ४९ हंगामांचा शाप संपणार होता. आठ! आरतीच्या प्रत्येक कडव्याला एक धरला तरी वेळेत उरकले असते. तेवढ्यात सासूबाईंनी नैवेद्य दाखवायला म्हणून, टाळ्या न थांबवता, नजरेनेच ताट मागितले. मी नजरेनेच नाही म्हटले. त्यांनी ताट घेतले.

मी वळून आजोबांकडे पाहिले. ते मान खाली घालून बसले होते, ट्रान्झिस्टर मांडीवर उलटा ठेवलेला होता आणि त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतलेले होते. माझी मुलगी कौतुकाने कुजबुजली, “बाबा, आजोबा पण नमस्कार करतायत.” टीव्हीवर अजून चेंडू टाकलाच गेला नव्हता. पिचर शांतपणे टोपी सारखी करत होता, प्रेक्षक उभे होते, निरांजनाची ज्योत पडद्यावर हलत होती, आणि मला एकट्याला ठाऊक होते की हे सगळे होऊन गेलेले आहे. आयुष्यातले ते सर्वांत लांब अर्धे मिनिट मी टाळ्या वाजवत उभ्याने काढले. मग टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने बॅट फिरवली आणि चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे गेला. एका फटक्यात तीन धावा. ४–३.

आरती संपली, प्रसाद वाटला गेला, मुले फुलबाज्या घेऊन बाहेर गेली. मी दारात गेलो, उजव्या पायाचा बूट उचलला आणि काय करतो आहे याचे भान येण्याआधी तो डोक्यावर ठेवून टीव्हीपुढे येऊन बसलो.

“अहो, हे काय?” सासूबाईंच्या हातातून पळीच पडली. “सणासुदीचं पायातलं डोक्यावर? लक्ष्मी दारात आलेली असते, ती हे बघून परत जाईल!”

“आई,” मी म्हणालो, “ती केव्हाच टोरंटोला पोचली.”

यावर त्या रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी मात्र आधी माझ्याकडे पाहिले, मग आजोबांकडे पाहिले. तोवर आजोबांनीही आपला बूट काढून टकलावर ठेवला होता आणि त्या अवस्थेत ते अनारशाचा एक एक कण चघळत होते. हे किती वर्षे चालले आहे, असे सासूबाईंनी विचारले. त्यांचे १९७७ पासून, माझे २०११ पासून, असे मी सांगितले. सासूबाई काही न बोलता आत गेल्या आणि आपल्या खोलीतून नव्या कोल्हापुरी चपला घेऊन आल्या.

“डोक्यावर काही मी घेणार नाही,” त्या सोफ्यावर बसत म्हणाल्या. “पण मांडीवर धरून बसते. नव्या आहेत, घातल्या नाहीयेत अजून. चालतील ना?”

नवव्या इनिंगमध्ये आमचे तिघे फलंदाज एकामागून एक चेंडू चुकवून आउट झाले. शेवटचा रॉड्रिगेज होता. प्रत्येक वेळी आजोबांचे खांदे अर्धा मिनिट आधी खाली येत, आणि सासूबाई विचारत, “गेला का हो? दिसत तर आहे उभा.” शेवटच्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. पडद्यावर टोरंटोचे लोक एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले, तेव्हा आजोबांनी बूट पायात घातला, नाडी नीट बांधली, सौभाग्यवतींकडून चिवड्याची पिशवी घेतली आणि सासूबाईंना वाकून नमस्कार केला. फेब्रुवारीत सराव सुरू होतो, एवढेच मला दारात म्हणाले.

रात्री साडेआठला, म्हणजे पुण्यात मंगळवारची सकाळ झाली तेव्हा, आईचा फोन आला. पूजा झाली का, फराळ कसा जमला, करंज्या फुटल्या तर नाहीत ना, हे सगळे विचारून झाल्यावर ती म्हणाली, “आमचं लक्ष्मीपूजन आज संध्याकाळी आहे. तुझ्यासाठी काही मागायचं असेल तर सांगून ठेव.”

“आठ आउट,” मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. आई पत्रिकेच्या मागे लिहून घेत असावी.

“मागते,” ती म्हणाली. “पण एवढ्यानं भागेल ना रे तुझं?”